पांतानालच्या वणव्यात होरपळलेल्या प्राण्यांना मदत : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

२०२० साली ब्राझीलमधल्या पांतानाल या पाणथळ प्रदेशाचा जवळपास तीस टक्के भाग जळाला. आग विझत असतानाच संशोधक जळलेल्या पट्ट्यांतून ठरावीक रेषांवर चालले, मेलेले प्राणी मोजले आणि त्यावरून हिशेब मांडला. आगीत थेट मेलेले पृष्ठवंशी प्राणी सुमारे १ कोटी ७० लाख निघाले, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा छोट्या सापांचा होता. जगभर छायाचित्रे फिरली ती मात्र पंजांना पट्ट्या बांधलेल्या जॅग्वारची.

मदतीला येणाऱ्या नवख्याच्या डोक्यात पट्टी बांधण्याचाच प्रसंग असतो. त्याच्या वाट्याला प्रत्यक्षात येते ते पाण्याची पिंपे उचलणे, रस्त्यावर गाड्या अडवणे, नकाशावर खुणा करणे, पिंजरे धुणे आणि प्राण्यापासून लांब उभे राहणे. प्राणी वाचतात ते बहुतांशी याच कामांमुळे. एखाद्या हरणाला कुशीत घेण्यासाठी जायचे मनात असेल तर तिकिटाचे पैसे वाचवलेले बरे.

१. आधी जमीन समजून घ्या

पांतानाल हे जगातले सर्वांत मोठे उष्णकटिबंधीय पाणथळ मैदान. क्षेत्र दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त. त्याचा बराचसा भाग ब्राझीलच्या मातो ग्रोसो आणि मातो ग्रोसो दो सुल या राज्यांत, बाकीचा बोलिव्हिया आणि पराग्वेत. जमिनीला उतार इतका कमी, की उत्तरेकडे पडलेल्या पावसाचे पाणी दक्षिणेला कोरुंबा शहरापर्यंत पोहोचायला काही महिने लागतात. पुराच्या काळात गवत आणि पाणवनस्पती बेसुमार माजतात. पाणी ओसरले की त्याच हिरवाईचे सरपण होते.

पूर तोकडा आला तर हे सरपण लवकर वाळते. ऑक्टोबर २०२४ मध्ये कोरुंबाशेजारच्या लादारियोच्या मोजपट्टीवर पराग्वे नदीची पातळी उणे ६९ सेंटिमीटर नोंदली गेली. १९०० पासून सुरू असलेल्या नोंदींतला हा नीचांक. (मोजपट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, म्हणून उणे आकडा वाचून चक्रावू नका.) आगीचा मोसम एरवी जुलै ते ऑक्टोबर, त्यातही ऑगस्ट-सप्टेंबर सर्वांत वाईट. २०२४ मध्ये मात्र जूनमध्येच मोठे वणवे पेटले. वीज पडूनही आग लागते, पण विजा पावसाच्या दिवसांत जास्त. कोरड्या महिन्यांतल्या बहुतेक आगींमागे माणसाचा हात असतो : कुरण जाळणे, कचरा पेटवणे, यंत्रातून उडालेली ठिणगी.

नवख्याने पहिल्या दिवशी शिकायची गोष्ट पायाखाली असते. पाणथळ जमिनीत मुळे, कुजका पाला, गवताचे थर वर्षानुवर्षे साठलेले असतात. आग या थरांत शिरली की ज्वाळा दिसत नाहीत, आतल्या आत धुमसत राहते. वर करडी राख, वारा पडलेला, सगळे शांत. प्राणी परत फिरतो, पाय टाकतो आणि खालच्या फुफाट्यात रुततो. पंजे आणि खूर भाजलेले प्राणी इतके सापडतात त्याचे हे एक मोठे कारण. ज्वाळांतून सुटलेला प्राणीही दोन दिवसांनी असा जायबंदी होऊ शकतो. म्हणून आग पुढे सरकली की शोध संपत नाही, तिथून तो सुरू होतो.

तुमच्या बुटांनाही हाच धोका आहे. लांब काठीने जमीन टोचत चला, वाफ किंवा बारीक धूर निघाला तर मागे फिरा. मुळे आतून जळलेली झाडे वारा नसतानाही कोसळतात, त्यामुळे विश्रांतीसाठी जळक्या झाडाखाली कधीही बसू नका.

२. कोणाच्या तरी हाताखाली जा

ब्राझीलच्या १९९८ च्या पर्यावरण-गुन्हे कायद्यानुसार (क्रमांक ९६०५) परवानगीशिवाय वन्यप्राणी पकडणे किंवा जवळ ठेवणे हा गुन्हा आहे. हेतू चांगला असला तरी परवानगी लागतेच. तुम्ही पशुवैद्य असाल तरी परदेशी पदवीवर तिथे उपचार करता येत नाहीत, त्यासाठी प्रादेशिक पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. अशा वेळी स्थानिक पशुवैद्याचा मदतनीस म्हणून काम करायची तयारी ठेवा.

ओळखून ठेवायची नावे थोडीच आहेत. इबामा ही केंद्रीय पर्यावरण यंत्रणा. वन्यप्राणी दाखल करून घेणारी तिची केंद्रे सेतास या नावाने ओळखली जातात. केंद्र सरकारची संरक्षित क्षेत्रे चिको मेंडेस जैवविविधता संस्थेकडे असतात. दक्षिणेकडे काम करणारे ग्रेताप हे पांतानालपुरते खास प्राणी-बचाव पथक, आणि काम्पो ग्रांदे या मातो ग्रोसो दो सुलच्या राजधानीत राज्य सरकारचे पुनर्वसन केंद्र आहे, त्याला सगळे क्रास म्हणतात. ग्राद हा आपत्तीत प्राणी वाचवणाऱ्या पशुवैद्यांचा आणि स्वयंसेवकांचा गट. अग्निशमन दलाचा क्रमांक देशभर १९३.

यांपैकी कुणाशी किंवा त्यांच्यासोबत काम करणाऱ्या संस्थेशी निघण्यापूर्वी लेखी बोलणे झालेले असावे. पत्रात ‘प्राण्यांवर प्रेम आहे’ हे लिहू नका, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी हे लिहा : चारचाकी कच्च्या रस्त्यावर चालवता येते का, पोर्तुगीज किती येते, ड्रोन उडवता येतो का, नकाशाचे सॉफ्टवेअर येते का, चाळीस माणसांचा स्वयंपाक झेपतो का, सलग किती दिवस थांबू शकता. चांगला ड्रायव्हर आणि चांगला आचारी यांना कुठल्याही छावणीत नकार मिळत नाही.

रस्ते दोन बाजूंनी आहेत. उत्तरेकडून कुयाबा, पोकोने आणि तिथून ट्रान्सपांतानेइरा : सुमारे १४५ किलोमीटरचा कच्चा रस्ता, शंभराहून अधिक पूल, काही लाकडी, शेवट पोर्तो जोफ्रेला नदीकाठी. पुलच जळला तर पलीकडची छावणी अडकते, त्यामुळे निघताना डिझेल आणि पाणी परतीचे धरूनच घ्यायचे. दक्षिणेकडून काम्पो ग्रांदे ते कोरुंबा. याच बाजूचा बीआर-२६२ हा महामार्ग गाड्यांखाली मरणाऱ्या प्राण्यांसाठी कुप्रसिद्ध आहे, आणि आगीच्या दिवसांत सैरभैर झालेले प्राणी त्याच डांबरावर येतात. अंधारात गाडी हळू चालवणे ही तिथली पहिली प्राणिसेवा.

३. लस, कपडे, सामान

रेबीजची पूर्वप्रतिबंधक लस, धनुर्वात, आणि प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी पीतज्वराची लस. ज्याने रेबीजची लस घेतलेली नाही त्याने सस्तन प्राण्याचा पिंजरासुद्धा उचलू नये.

कपडे सुती किंवा लोकरी, पूर्ण बाह्यांचे. नायलॉन-पॉलिएस्टर आगीजवळ वितळून कातडीला चिकटते. घोट्याच्या वर जाणारे चामडी बूट, डोळ्यांना चिकटून बसणारा चष्मा, एन-९५ मुखपट्ट्या भरपूर, डोक्याला लावायचा दिवा, चामडी हातमोजे, शिटी. मुखपट्टीने राखेचे कण अडतात, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. डोके दुखू लागले, मळमळले, तर हट्टाने काम करत राहू नका. सप्टेंबरात पारा चाळिशीपार जातो. रेडिओ आणि इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा हवाच, कारण मैदानात मोबाइलला रेंज नसते असेच धरून चालायचे.

रेडिओवर काही स्थानिक शब्द सतत कानांवर पडतात : ‘बाईया’ म्हणजे तळे, ‘कोरिशो’ म्हणजे तळ्यांना जोडणारा प्रवाह, ‘कापाँव’ म्हणजे गवताळ मैदानातले झाडांचे बेट, ‘असेइरो’ म्हणजे आग अडवण्यासाठी मोकळा केलेला पट्टा. हे चार शब्द आले की निम्मे संदेश कळतात.

४. सकाळी नकाशा, मग गाडी

दिवसाची सुरुवात उपग्रहाच्या नकाशाने होते. ब्राझीलची अंतराळ संशोधन संस्था इंपे आगीचे बिंदू रोज प्रसिद्ध करते. नासाची फर्म्स ही सेवाही मोफत आहे, तिचे ठिपके उपग्रह डोक्यावरून गेल्यावर साधारण तीन तासांत दिसतात. ठिपका म्हणजे आगीची सीमा नव्हे. व्हीआयआयआरएस या उपकरणाचा एक ठिपका साधारण ३७५ मीटरच्या चौकोनात कुठेतरी उष्णता आहे एवढेच सांगतो, आणि मधल्या तासांत वाऱ्याने आग कुठच्या कुठे नेलेली असते. जमिनीखालचे धुमसणे तर बरेचदा ठिपक्यात येतच नाही. म्हणून ठिपके पाहून झाले की तिथल्या गुराख्याला विचारा. पांतानेइरो माणूस वाऱ्याचा वास घेऊन सांगतो ते पुष्कळदा पडद्यावरच्या चित्राआधीचे असते.

पथकप्रमुख आगीच्या तुकडीशी बोलून क्षेत्र मोकळे असल्याचे सांगेपर्यंत आत जायचे नाही. आत गेल्यावर चार गोष्टी ठरलेल्या असाव्यात : आगीवर नजर कोण ठेवणार, संपर्क कसा राहणार, पळायच्या दोन वाटा कोणत्या, आणि दोन्ही बंद झाल्या तर थांबायची सुरक्षित जागा कोणती. आधीच पूर्ण जळून थंडावलेला उघडा भाग किंवा मोठे पाणी ही सहसा अशी जागा. गाडीचे तोंड नेहमी बाहेर जाणाऱ्या दिशेला, किल्ली गाडीतच.

५. कुठे शोधायचे

जळलेल्या मैदानाच्या मध्यभागी जिवंत प्राणी क्वचित सापडतात. कडेने शोधा. न जळलेली कापाँव, उरलेली डबकी आणि त्यांचा चिखल, रस्त्याखालच्या मोऱ्या आणि पाइप, पुलांच्या सावल्या, असेइरोच्या कडा, आर्माडिलोची (अंगावर कवच असलेल्या प्राण्याची) बिळे. ऑगस्ट २०२४ मध्ये चारही पंजे भाजलेली एक मादी जॅग्वार अशाच एका सिमेंटच्या पाइपात दडलेली सापडली होती. पुढे तिला मिरांडा हे नाव मिळाले. काम्पो ग्रांदेच्या केंद्रात उपचार झाले आणि सुमारे दीड महिन्याने तिला परत सोडले.

वेळ पहाटेची किंवा संध्याकाळची. राखेवर ठसे छापल्यासारखे उमटतात, ते वाचायला शिका. पावलांतले अंतर एकाएकी कमी झाले, एक पाय ओढल्याची रेघ दिसली, दर काही मीटरवर बसल्याच्या खुणा आहेत, तर पुढे जखमी प्राणी आहे. उष्णता टिपणारा ड्रोन पहाटे उपयोगी पडतो. दुपारी सगळी जमीनच तापलेली असते, त्यात प्राणी वेगळा दिसत नाही. घिरट्या घालणारी गिधाडे मेलेल्याकडे नेतात, कधी मरणाऱ्याकडेही.

६. प्राणी दिसला. आता थांबा

पहिली दहा मिनिटे काहीच करायचे नाही. इंजिन बंद, आवाज बंद, सगळे एकाच बाजूला. प्राण्याला निसटायची वाट उघडी ठेवा. दुर्बिणीतून पाहा आणि लिहा.

श्वास तोंडाने घेतोय का? नाकपुड्यांवर काजळी, जळालेल्या मिशा, तोंडाला फेस? हे धूर आत गेल्याचे लक्षण, आणि धुराचा फुप्फुसांवरचा परिणाम दिवसभराने, कधी त्याहूनही उशिरा उफाळतो. आज ठीक दिसतो म्हणून ठीक आहे असे नाही. पाय चाटतोय का? उभा राहायचे टाळतोय? भर दिवसा पाण्यात बसून राहिलाय? तळपायाची कातडी लोंबतेय? भाजल्याची खोली पहिल्या दिवशी कळत नाही. जखम पुढचे दोन-तीन दिवस वाढत जाते.

मग संदेश. तो असा असावा : ‘महाकाय मुंगीखाऊ, प्रौढ, पाठीवर पिल्लू नाही. सकाळी ६.४०. अक्षांश-रेखांश पाठवतो. पुढचा डावा पाय टेकत नाही, श्वास शांत. धूर पूर्वेला, अंदाजे दोन किलोमीटर. गाडी शंभर मीटरपर्यंत येते. आम्ही दोघे, लांबून नजर ठेवतोय.’ एवढ्यावरून पशुवैद्य कोणते औषध, किती मापाचा पिंजरा, किती माणसे हे ठरवू शकतो. ‘लवकर या, खूप वाईट अवस्था आहे’ यावरून काहीही ठरत नाही, आणि असे संदेश येतात फार.

उत्तर येईपर्यंत तुमचे काम पहारा. बघे, कुत्री, मोटारसायकली, आणि कॅमेरा घेऊन अजून दोन पावले पुढे सरकणारे आपलेच सहकारी, या सगळ्यांना थोपवायचे.

७. उचलायचा की राहू द्यायचा

हा निर्णय तुमचा नाही. पण तो कसा होतो हे कळले नाही तर ‘एवढा जखमी आणि हे नुसते बघताहेत’ असा राग येतो, म्हणून सांगतो.

पकडणे हीच एक मोठी इजा आहे. तापलेल्या दिवशी घाबरलेल्या प्राण्याचा पाठलाग केला की स्नायू आतून तुटू लागतात, त्यातली द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात. प्राणी हातात जिवंत येतो आणि दोन-चार दिवसांनी मरतो. हरणे याला फार लवकर बळी पडतात. दलदली हरीण लंगडत का होईना चालतेय, खातेय, पाण्यापर्यंत पोहोचतेय, तर अनुभवी पथक त्याला सोडून देते. उठू न शकणारा, आगीच्या वेढ्यात सापडलेला, रस्त्यावर पडलेला, पाय अजिबात न टेकणारा प्राणी उचलला जातो. पिल्लू एकटे दिसले तर आधी लांबून वाट पाहायची. आई पाण्यावर गेलेली असू शकते.

जॅग्वार दिसला तर गाडीतून कुणीही उतरत नाही, इथे अपवाद नाही. बेशुद्धीची सुई मारायलाही घाई करत नाहीत, कारण भाजलेला जॅग्वार पाण्याजवळ असतो आणि औषध चढत असताना पाण्यात शिरला तर बुडतो. २०२० मध्ये पकडलेला ओउसादो हा नर बरा होऊन महिना-दीड महिन्यात रेडिओ-पट्टा घालून एन्कोन्त्रो दास आग्वास या राज्य उद्यानात परतला. त्या उद्यानाचाही बहुतेक भाग जळून गेला होता. त्याच वर्षीची आमानासी ही मादी मात्र परतू शकली नाही. पंजांमधले स्नायुबंध इतके जळाले होते की नख्या पूर्वीसारख्या चालेनात, आणि नख्यांशिवाय जॅग्वार शिकार करू शकत नाही. ती गोयास राज्यातल्या आश्रयकेंद्रातच राहिली. दोघांवरही उत्तम उपचार झाले होते. फरक पडला तो जखम किती खोल गेली यावर.

महाकाय मुंगीखाऊ दिसायला संथ, म्हणून नवख्यांना तोच ‘सोपा’ वाटतो. त्याच्या पुढच्या पायांच्या नख्या वारुळे फोडतात. कोंडीत सापडला की तो मागच्या पायांवर उभा राहून कवेत घेतो, आणि या कवेत माणसे मेली आहेत. त्याचे शरीर मुळातच थंड, सुमारे ३३ अंश, त्यामुळे भाजलाय म्हणून त्याला पाण्याने चिंब करणे घातक ठरू शकते. मादी मेलेली असेल तर पाठीवरच्या केसांत पिल्लू चिकटलेले आहे का, हे लांबूनच पण नीट पाहा.

टपीर (डुकरासारखा, आखूड सोंडेचा प्राणी) दोनशे किलोंच्या पुढे जातो, चावतो जोरात, आणि पायांना लागले की पाण्यातून निघतच नाही. त्याला उचलायला दहा माणसे, ताडपत्री आणि ट्रक लागतो. कोआटी (लांब नाकाचा, रॅकूनच्या कुळातला प्राणी) आणि माकडे चावतात, रेबीजचा प्रश्न तिथेच. साप मेलेला वाटला तरी हात लावायचा नाही. विषारी बोथ्रॉप्स राखेत अजिबात दिसत नाहीत, आणि सरपटणारे प्राणी तासन्‌तास निपचित पडून नंतर हलू लागतात. आटत्या डबक्याच्या चिखलात दाटीवाटीने पडलेले केमन (मगरीचे भाऊबंद) पाहून जीव तुटतो, पण कोरड्या मोसमात असे जमणे त्यांच्या सवयीचेच आहे. त्यांना हलवायचे की नाही हे जीवशास्त्रज्ञ ठरवतात. जमिनीवरची कासवे हा त्यातल्या त्यात नवख्याच्या हातचा प्रकार : पथकाने होकार दिला की हातमोजे घालून, आडवी धरून, सावलीतल्या पेटीत.

८. पशुवैद्य येईपर्यंत

करायचे ते थोडे. प्राणी ताब्यात घेतला असेल तर डोळ्यांवर हलके गडद कापड (नाक मोकळे), सावली, शांतता, हवा खेळेल अशी पेटी, खाली स्वच्छ चादर. पेंढा किंवा भुसा नको, तो जखमेत रुततो. वेळ, तापमान, श्वास यांची नोंद.

न करायचे ते जास्त. तेल, तूप, टूथपेस्ट, हळद, घरातले मलम, काहीही लावू नका. पशुवैद्याला ते खरवडून काढावे लागते. बर्फ नको. तोंडात पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जाते. खायला देऊ नका, भूल द्यायची असू शकते. माणसांची वेदनाशामके तर मुळीच नाहीत. जखमेवर गार पाणी घालायचे का, किती वेळ, हे फोनवर विचारूनच. मोठ्या भाजलेल्या भागावर पाणी घातले की छोटा प्राणी गारठतो.

केंद्रात पोहोचल्यावर खरे उपचार : वेदनाशमन, शिरेतून द्रव, जखमेची सफाई, पट्ट्या, पुन्हा भूल, पुन्हा पट्ट्या. तिलापिया माशाची निर्जंतुक केलेली कातडी भाजलेल्या जागी लावण्याची पद्धत ब्राझीलमध्येच सेआरा राज्यात माणसांसाठी विकसित झाली, आणि २०१७ च्या कॅलिफोर्नियातल्या वणव्यानंतर ती अस्वलांच्या पंजांवरही वापरली गेली. कातडी जखमेवर टिकून राहते, त्यामुळे पट्टी बदलण्यासाठी वारंवार भूल द्यावी लागत नाही. वन्यप्राण्याच्या बाबतीत एवढा फायदाही खूप मोठा.

काही प्राण्यांना वेदनारहित मरण दिले जाते. पशुवैद्याने तो निर्णय घेतला तर तिथे वाद घालू नका, छायाचित्र काढू नका. लागेल ती मदत करा आणि दूर व्हा.

९. मेलेल्यांचीही नोंद

हे काम कुणालाच नको असते, आणि नवख्याला देता येण्यासारखे हेच सर्वांत उपयुक्त काम. लेखाच्या सुरुवातीचा १ कोटी ७० लाखांचा आकडा निघाला तो अशाच नोंदींमधून. ठरलेल्या रेषेवर चालायचे, प्रत्येक मृत प्राण्याचे रेषेपासूनचे लंब अंतर मोजायचे, शेजारी पट्टी ठेवून छायाचित्र, अक्षांश-रेखांश, ओळखू आली तर जात. ओळखू आली नाही तर ‘छोटा साप’ लिहा, अंदाजाने नाव टाकू नका. रेषा सोडून इकडेतिकडे दिसलेले प्राणी वेगळ्या पानावर, नाहीतर सगळा हिशेब बिघडतो. पोसमची मादी मेलेली दिसली तर जवळच्या जाणकाराला बोलवा. तिच्या पोटाच्या पिशवीत पिल्ले जिवंत असू शकतात.

१०. आगीनंतरची भूक

ज्वाळा विझल्यावर माध्यमे जातात आणि तिथले लोक जिला ‘राखाडी भूक’ म्हणतात ती सुरू होते. फळे, पाने, किडे, शिकार, काहीच उरलेले नसते. २०२० मध्ये ट्रान्सपांतानेइराच्या कडेने पाण्याच्या टाक्या आणि फळांचे ढीग ठेवले गेले. याविषयी तज्ज्ञांत दुमत होते आणि आहे.

माझे मत : पाणी द्यावे, आणि अन्न शेवटचा उपाय म्हणून, जीवशास्त्रज्ञांच्या आराखड्यानुसारच. ढिगाशी प्राणी दाटतात, रोग पसरतात, शिकारी दबा धरून बसतात, रस्त्याची सवय लागते आणि गाड्यांखाली मरतात. बाहेरून आणलेल्या फळांच्या बिया रुजतात ते वेगळेच.

पाण्याची टाकी ठेवतानाही डोके वापरावे लागते. उथळ भांडे, एका बाजूला उतार, आणि आत एक जाड फांदी तिरकी टाकलेली, म्हणजे पडलेले बेडूक, सरडे, पिल्ले चढून बाहेर येतात. खोल, गुळगुळीत पिंपात सकाळी मेलेले प्राणी तरंगताना सापडतात. एक मोठी टाकी ठेवण्यापेक्षा पुष्कळ छोट्या ठेवा, रस्त्यापासून आत, एका बाजूला झाडी आणि दुसऱ्या बाजूला मोकळे. पाणी बदलायचे वेळापत्रक ठेवा आणि कॅमेरा लावा. कोणी येतच नसेल तर जागा बदला. हिरवे फुटू लागले की हे सगळे हळूहळू कमी करत काढून आणायचे असते, टाक्या तशाच सोडून निघून जाणे सर्रास होते.

गवत पावसानंतर थोड्याच दिवसांत फुटते, त्यामुळे कॅपिबारा (गवत खाणारे मोठे कृंतक) आणि हरणे सावरतात. झाडांवर जगणाऱ्यांचे तसे नाही. निळा हायसिंथ मकाव हा मोठा पोपट पांतानालमध्ये प्रामुख्याने मांदुवी या झाडाच्या ढोलीत घरटे करतो, आणि पुरेशी मोठी ढोली व्हायला झाड साधारण साठ वर्षांचे व्हावे लागते. त्याची वीण सुरू होते ती आगीच्या मोसमातच. त्यामुळे आग येण्यापूर्वी मांदुवीच्या बुंध्याभोवतीचे गवत-पाला साफ करणे आणि नंतर लाकडी घरटी टांगणे ही कामे स्वयंसेवकांना मिळतात. दोन्हीत उंचीवर चढायचे काम प्रशिक्षित माणसाचे, खाली दोरी धरायचे तुमचे.

पहिल्या जोरदार पावसाने राख आणि कुजका पाला नद्यांत उतरतो. तिथे याला ‘देकुआदा’ म्हणतात. पुराबरोबर हे दरवर्षी कमी-अधिक होतच असते, आगीनंतर भर पडते ती राखेची. पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून मरू लागतात. हे दिसले तर जागा, वेळ, पाण्याचा रंग नोंदवून कळवा. तिथून भरलेले पाणी प्राण्यांच्या टाक्यांत ओतू नका.

११. मोसम नसताना

१ कोटी ७० लाखांपैकी किती प्राणी कुणाच्या हाताने वाचले असते, याचा विचार केला तर पिंजरे आणि पट्ट्या तोकड्या पडतात. छोट्या सापाला वाचवायचा मार्ग एकच, त्याच्यापर्यंत आग पोहोचू न देणे. त्यासाठी लागतात कायमस्वरूपी स्थानिक आग-तुकड्या, पावसाळा संपताच साफ केलेले असेइरो, पाठीवरचे पंप, दुरुस्त गाड्या आणि वर्षभराचा पगार. ऑगस्टमध्ये दूरचित्रवाणीवर जॅग्वार दिसला की देणग्यांचा पूर येतो, तोवर या तयारीची वेळ निघून गेलेली असते. तुम्हाला जाणे जमणार नसेल, किंवा पैसेच द्यायचे असतील, तर आग-तुकडी चालवणाऱ्या संस्थेला मार्च-एप्रिलमध्ये विचारा की यंदा त्यांच्याकडे काय कमी आहे. उत्तर बहुधा टायर, डिझेल किंवा रेडिओच्या बॅटऱ्या असे येईल. तेच द्या.